समुद्राने परत दिलेला नारळ

सिंगापुरात ऋतू नसतात. बाराही महिने तेच ऊन आणि तोच दुपारचा पाऊस. गावाकडे कोकीळ ओरडायला लागली की आंबे जवळ आले असं कळायचं. इथली कोकीळ वर्षभर पहाटे ओरडते, तिलाही काही कळत नसावं. इथे दिवस ओळखायचे ते शाळेच्या सुट्ट्यांवरून. जून लागला की आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकमध्ये लिफ्टमध्ये बॅगा दिसू लागतात. काल शेजारची चिनी बाई तिच्या मुलांना घेऊन निघाली होती. मुलांच्या गळ्यात प्रवासाच्या उशा होत्या. मला बघून ती म्हणाली, "हॉलिडे, आंटी, हॉलिडे!" मी हसले. मला तेवढंच येतं.

गेल्या जूनमध्ये त्याच लिफ्टमध्ये आमच्या बॅगा होत्या. आम्ही चौघं माल्टाला गेलो होतो. मुलगा निलेश, सून केतकी, नात ओवी आणि मी. या जूनमध्येही घरात बॅगा उघड्या पडल्या आहेत, पण त्या एकट्या ओवीच्या आहेत. ओवी शनिवारी तिच्या आईबरोबर ऑस्ट्रेलियात पर्थला जाणार आहे. ती आता तिथेच राहणार, तिथेच शिकणार. निलेश सिंगापुरातच राहील, क्वीन्सटाउनला एका मित्राबरोबर खोली घेऊन. मी पुढच्या महिन्यात गावी. हा फ्लॅट सोडायचा आहे.

मी चौथीपर्यंत शिकले. वडील मिठागरात कामाला होते. मिठाचे दिवस आले की घरातली सगळी मिठागरात जायची, मीही गेले, आणि पुन्हा शाळेत गेलेच नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही, जीभ टाळूला चिकटते. पण लिहायला आवडतं. लिहिताना कुणी माझ्या तोंडाकडे बघत नाही.

ओवी आठ दिवसांची असताना मी तिला पहिल्यांदा न्हाऊ घातलं. तेव्हापासून ती माझ्याजवळच आहे. केतकी सकाळी एमआरटीच्या गाडीने रॅफल्स प्लेसला ऑफिसात जायची, निलेश बोटींच्या कामावर, आणि आम्ही दोघी इथे. तिच्याशी मराठी बोलणारी मी एकटीच. तिला सगळं कळतं. बोलताना मात्र ती निम्मं इंग्रजी बोलते आणि शेवटी इथल्या लोकांसारखं 'लाह' लावते. "आज्जी, कॅनॉट लाह, भेंडी नको." मला इंग्रजी येत नाही म्हणून बसमध्ये, दुकानात, डॉक्टरकडे तीच माझ्या वतीने बोलते. लोक मला विचारतात आणि उत्तर खालून येतं. शनिवारनंतर खालून उत्तर येणार नाही.

तिची आणि माझी भाषा घरातच वाढली. समोर बसून, हाताने दाखवत, ताटात वाढत. ती फोनवर टिकेल का? हाच एक विचार डोक्यात घोळत राहतो. सहा महिने टिकेल, कदाचित वर्षभर. मग ती मोठी होईल आणि मी एक म्हातारी होईन, जिला दिवाळीला फोन करावा लागतो.

माल्टा निवडला तो माझ्यासाठी, असं निलेश म्हणाला होता. त्याचे वडील बोटीवर इंजिनरूममध्ये होते. एकदा त्यांची बोट दुरुस्तीसाठी माल्टाच्या गोदीत बरेच दिवस उभी होती. घरी आल्यावर ते सांगायचे, "अगं, तिथलं सगळं गाव पिवळ्या दगडाचं. संध्याकाळी डेकवर आलं की समोर पुरणपोळ्या रचून ठेवल्यासारखं दिसतं." ते दिवसभर बोटीच्या पोटात असायचे. गाव त्यांनी पाहिलं ते पलीकडून, पाण्यावरून. उतरून फिरायला कधी मिळालं नाही. "एकदा तुला नेईन," म्हणायचे. मग ते गेले.

म्हणून निलेश म्हणाला, "आई, बाबांचं माल्टा बघू या." मला किती बरं वाटलं होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. टेक्का मार्केटला जाऊन मी एक शेंडीवाला नारळ आणला आणि माझ्या बॅगेत साड्यांमध्ये गुंडाळून ठेवला. ते बोटीवर असायचे तेव्हा दर नारळी पौर्णिमेला मी गावच्या समुद्राला नारळ द्यायचे आणि म्हणायचे, माणूस परत आण. समुद्राने दर वेळी आणला. पण ते ज्या ज्या समुद्रांवर राहिले त्यांना मी कधी काही दिलं नव्हतं. आता त्यातला एक तरी मला भेटणार होता.

गाव खरंच पिवळं होतं. ते म्हणाले होते तसंच. वरच्या बागेत उभं राहून खाली पाहिलं तर बंदर, आणि पलीकडे गोदीच्या क्रेन. निलेश बोट दाखवून म्हणाला, "तिथे असतील बाबा. तिथून इकडे बघत असतील." मी पदराने चेहरा पुसला, घाम आला होता असं दाखवून. ते पलीकडून इकडे बघत होते आणि मी इकडून पलीकडे. मध्ये इतकी वर्षं आणि एवढंसं पाणी.

तिथलं ऊन कोरडं असतं. इथल्यासारखं अंगाला चिकटत नाही. भिंतींच्या फटींतून झुडपं उगवलेली, रस्त्याच्या कडेला निवडुंग आणि त्याला पिवळी फुलं. घरांना लाकडी बंद गॅलऱ्या, हिरव्या, निळ्या, लाल, जणू कपाटं बाहेर टांगली आहेत. होड्यांच्या नाकाशी दोन्ही बाजूंना डोळे काढलेले. ओवी म्हणाली, "आज्जी, बोट आपल्याला बघते." वाटाण्याचं सारण भरलेली गरम करंजी मिळायची, पापुद्र्यांची. मी रोज खाल्ली. केतकीने मला उन्हाची टोपी घेतली, मोठ्या काठाची. पाचवारी साडी, पायात बूट आणि डोक्यावर टोपी. ओवी हसून हसून रस्त्यातच खाली बसली. "आज्जी, यू लुक लाइक टूरिस्ट!" मग काय, टूरिस्टच होते मी. जन्मात पहिल्यांदा.

त्या सुट्टीत फिरायची एक पद्धत पडून गेली होती. सकाळी निलेश ओवीला घेऊन छोट्या होडीत वल्हवायला जायचा, आणि केतकी माझ्याजवळ खडकावर छत्रीखाली बसायची. दुपारनंतर केतकी ओवीला घेऊन कड्यावरून चालायला जायची, आणि निलेश माझ्याजवळ. गुहा बघायला होडी निघाली तेव्हा निलेश म्हणाला, "तुम्ही तिघी जा, मी इथे थांबतो." दुसऱ्या दिवशी पोहायला जायचं तेव्हा केतकी म्हणाली, "मी आज खोलीतच वाचत बसते." मला वाटलं, किती समजूतदार आहेत दोघं. म्हातारीला एकटं बसावं लागू नये म्हणून पाळी लावली आहे. मी देवाचे आभार मानले.

सकाळी नाश्त्याला केतकी म्हणायची, "ओवी, बाबाला विचार बस कितीची आहे."

बाबा समोरच बसलेला. ओवी तोंडात पाव घेऊन विचारायची, "बाबा, मम्मी आस्किंग, बस कितीची?"

"दहाची. मम्मीला सांग, टोपी विसरू नको."

मला तो खेळ वाटला होता. तिघांचा काहीतरी घरगुती खेळ.

मग आम्ही फेरीने शेजारच्या छोट्या बेटावर गेलो. तिथे समुद्राच्या काठाला दगडात वाफे कोरलेले, चौकोनी, एकाला लागून एक, आणि त्यांत मीठ. मी गाडीतून उतरले आणि माझे पाय थांबलेच. खाली वाकून एक खडा जिभेवर ठेवला. केतकी आणि ओवी पुढे कड्याकडे गेल्या होत्या. निलेश म्हणाला, "आई, तुझं मिठागर."

आमचं मिठागर मातीचं. पावसात सगळं वाहून जायचं, मग नव्याने वाफे बांधायचे, अनवाणी पायांनी चिखल तुडवून तुडवून घट्ट करायचा. वडिलांच्या टाचांना भेगा, त्यांत मीठ. रात्री आई त्यांच्या पायांना तेल लावायची. दोघं एकमेकांशी बोलत नसत फारसं, पण तेल लावायचं चुकलं नाही. माल्टाचे लोक सुखी, मी म्हटलं, दगडात एकदा कोरलं की झालं. पुन्हा पुन्हा तुडवायला नको. निलेश माझ्याकडे बघत राहिला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि म्हणाला, "आई, थकलीस का?"

शेवटच्या दिवशी आम्ही एका छोट्या खाडीत गेलो. पाणी इतकं स्वच्छ की तळाचे दगड मोजावेत. त्या दिवशी पाळी नव्हती, चौघंही एकत्र होतो. मला वाटलं, आज. लोक बघत नाहीत असं पाहून मी नारळाला हळदकुंकू लावलं, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाण्यात शिरले. म्हटलं, माझ्या माणसाला सांभाळलंस, हे घे. आणि या तिघांना असंच एकत्र ठेव. नारळ सोडला. तो डुचमळत डुचमळत निघाला, उन्हात शेंडी चमकत होती. बराच लांब गेला. मला शांत वाटलं.

तेवढ्यात लांबून एक बाई पोहत येताना दिसली. लाल टोपी घातलेली, माझ्याहून म्हातारी. एका हाताने पाणी मारत होती आणि दुसऱ्या हाताने माझा नारळ पुढे ढकलत होती. ढकलायची, पोहायची, दम खायची, पुन्हा ढकलायची. काठाला येऊन उभी राहिली, सगळं अंग निथळत होतं, आणि दोन्ही हातांनी नारळ माझ्यापुढे धरला. काहीतरी म्हणाली. चेहरा आनंदाने फुललेला.

"आज्जी," ओवी म्हणाली, "ती म्हणते तुझा नारळ पडला होता. लकी, तिने बघितला."

मी नारळ घेतला. काय करणार? "थँक्यू," म्हटलं.

आधी केतकीला हसू फुटलं. मग निलेशला. तो वाळूत बसलाच, पोट धरून. केतकी त्याच्या खांद्याला धरून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "अहो आई, परत सोडा ना!" मी म्हटलं, "एकदा दिलेलं परत कसं द्यायचं?" ओवी म्हणाली, "आज्जी, सी सेज नो नीड लाह!" मग तर त्या लाल टोपीवाल्या बाईलाही काही न कळता हसू आलं. केतकीने तिला फोन दिला आणि तिने ओल्या हातांनी आमचा फोटो काढला. माल्टाच्या सगळ्या फोटोंमध्ये आम्ही चौघं एकत्र आहोत असा तो एकच. मी मध्ये, हातात नारळ, कुंकू धुऊन गेलेलं. निलेश आणि केतकी दोन्ही बाजूंना, हसताना.

निघताना त्या नारळाचं काय करावं ते मला सुचेना. आम्ही उतरलो होतो त्या गल्लीच्या कोपऱ्यावर भिंतीत एक कोनाडा होता, त्यात त्यांची देवी, मांडीवर मूल घेतलेली. मी तो तिच्या पायाशी ठेवला. म्हटलं, तू तरी ठेवून घे.

निलेशने सांगितलं ते दिवाळी झाल्यावर. मी स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते. तो दाराशी उभा राहिला आणि ते दोघं वेगळे होणार असं सांगून टाकलं, जसं लहानपणी काच फुटली की सांगायचा.

मी विचारलं, "कधी ठरलं हे?"

"माल्टाच्या आधीच, आई."

"मग गेलो कशाला?"

"ओवीला एक चांगली सुट्टी मिळावी म्हणून. आणि तुला बाबांचं माल्टा." मग म्हणाला, "नंतर जमलं नसतं."

तव्यावर पोळी जळाली. डॉक्टरकडे सुई द्यायला नेताना पोराच्या हातात आधी खाऊ देतात, तसा मला तो पिवळ्या दगडांचा देश दिला होता. ओवीला आणि मला, दोघींना. मी रागावले नाही. कुणावर रागवायचं? केतकी वाईट नाही, माझा मुलगा वाईट नाही. त्यांची भांडणं इंग्रजीत व्हायची, म्हणजे मला कळू नयेत. भांडण कळायला भाषा कुठे लागते? पण भांडणं थांबली होती त्या वर्षी, आणि मला वाटलं, मिटलं. भांडायचंही काही उरलं नव्हतं, हे मला कळलं नाही.

तेव्हापासून एक वाईट खोड लागली आहे. माल्टाची एकेक आठवण काढते आणि पुन्हा उलटून बघते. ती पाळी, जी मला माया वाटली. तो बस कितीचीचा खेळ. मिठाच्या वाफ्यांशी निलेशने तोंड उघडलं होतं, ते काय बोलायला? माझ्याजवळ माझ्या माणसाच्या त्या पिवळ्या गावाची एकच आठवण होती, तीही आता माझी राहिली नाही. फक्त ते हसणं मी उलटून बघत नाही. तिच्या हाताने त्याचा खांदा धरला होता. ते खरं होतं की नव्हतं, हे मला कुणी सांगू नये.

इथवर लिहिलं तेव्हा ओवी जायची होती. आज मंगळवार. ती गेली.

शनिवारी सकाळी केतकी तिला न्यायला आली. हल्ली ती मैत्रिणीच्या कॉन्डोत राहत होती. मी ताट तयार ठेवलं होतं. तांदूळ, खण, सुपारी, हळकुंड आणि नारळ. ओटी सवाष्णीने भरायची आणि सवाष्णीची भरायची, अशी रीत. लोकांच्या हिशेबात माझा भरायचा हक्क कधीच गेलेला, आणि तिचा भरून घ्यायचा आता गेला. पण या घरातून बाई लांब निघाली आहे आणि मी तिला मोकळी कशी पाठवू? रात्रभर मनाशी म्हणत होते, बोलता येणार नाही तुला. सकाळी ताट घेऊन नुसती तिच्यासमोर उभी राहिले.

केतकीने ताटाकडे बघितलं. मग माझ्याकडे. "आई, तुम्ही अजून माझी ओटी भरताय?"

"मग काय, नको भरू?"

ती जीन्स घालून आली होती, वर कुर्ता. तिने कुर्त्याचा घेर दोन्ही हातांनी पुढे धरला. मी तिला कुंकू लावलं, ओंजळीने तांदूळ घातले, वर खण, नारळ. थोडे तांदूळ फरशीवर सांडले. तिने डोळे मिटून घेतले होते. निलेश बॅग उचलायला आला आणि दारातच थांबला.

मग तिने डोळे उघडले. हळू आवाजात म्हणाली, "आई, तिकडे हे नेता येत नाही. पर्थला विमानतळावर काढून घेतात. नारळ, तांदूळ, सुपारी, हळद, काहीच चालत नाही."

"तांदळाचे चार दाणेही?"

"एकही नाही."

ओटी भरल्यावर तिने त्यातले चार दाणे परत ताटात टाकायचे, अशी रीत आहे. केतकीने कुर्त्याचा घेर ताटावर आणला आणि सगळंच परत ठेवलं. नारळ शेवटी, दोन्ही हातांनी. तसाच, त्या पोहणाऱ्या बाईने दिला होता तसा. खण तेवढा तिने पर्समध्ये ठेवला. मग माझ्या पाया पडली. मी तिला जवळ घेतलं.

ओवीने लिफ्टचं बटण दाबून धरलं होतं, दार बंद होऊ नये म्हणून. "आज्जी, यू कम पर्थ, ओके?"

"येईन हं."

"प्रॉमिस लाह."

तिने बटण सोडलं.

विमानतळावरून परत आल्यावर निलेशने टेबलावरचा नारळ पाहिला. हातात घेऊन कानाशी हलवला. पाणी खळखळलं. त्याने विचारलं, "फोडू का, आई?" मी नको म्हटलं. ज्याला दिला त्याने घेतला नाही, तरी तो माझा होत नाही. त्याने तो हळूच पुन्हा ताटात ठेवला. सांडलेले तांदूळ मी अजून झाडले नाहीत. पायाला लागतात.

आज संध्याकाळी ओवीचा फोन आला, चेहरा दिसतो तसा. अंगात जाड स्वेटर, नाक लाल. तिथे थंडी आहे. घड्याळ इथलंच आहे म्हणे, वेळ तीच, पण जूनमध्ये तिकडे हिवाळा. म्हणजे सुट्टीच्या या एका ऋतूतसुद्धा आम्ही आता एकत्र नाही. मी विचारलं, "जेवलीस का गं?" ती हसली आणि बोलायला लागली. भरभर, खूप काहीतरी, हातवारे करून. शाळेचं असावं, नाहीतर कुत्र्याचं. मध्ये एकदा माझं नाव घेतलं. सगळं इंग्रजीत. मी मान हलवत होते. नेहमीच्या सवयीने मी खाली, माझ्या बाजूला बघितलं. ओवी काय म्हणाली ते मला सांगायला ओवी हवी होती.

फोन बंद झाला. निलेश आतून म्हणाला, "कळलं ना, आई, काय म्हणत होती?"

मी म्हटलं, "हो. कळलं."